आण्णांचे कासव आणि काळ्या रानाची वाट

वस्तीवर राहणाऱ्याला पावसाळा म्हणजे काय ते सांगावयास नको. आमची वस्ती कालव्याच्या चारीला लागून, भोवताली ऊस, आणि डांबरी रस्ता तिथून दोन किलोमीटर. ही दोन किलोमीटरची वाट आमच्या भाऊबंदांच्या बांधांवरून जाते. उन्हाळ्यात तिच्यावरून लग्नाचा वऱ्हाडी ट्रकही येतो. मृगाचे दोन पाऊस झाले की मात्र तीच वाट चपला ठेवून घेते. काळी जमीन उसाला आईसारखी, चाकाला मात्र सावत्र.

२०२२ साली परतीचा पाऊस लांबला हे सर्वांना आठवत असेल. त्या पावसात एका रात्री आमची आई ओट्यावरून घसरून पडली आणि मांडीचे हाड मोडले. १०८ ची गाडी बोलावली, तीही बिचारी वेळेवर आली, पण डांबरीवर उभी राहिली. पुढे यायला तिला वाटच नव्हती. आईला बाजेसकट ट्रॉलीत ठेवले, वर ताडपत्री धरली आणि ट्रॅक्टर काढला. ट्रॅक्टर निघाला खरा, पण ट्रॉलीचे दणके कसे असतात हे ऊस भरणाऱ्यांना विचारावे. मोडक्या हाडाने आईने ते दोन किलोमीटर कसे काढले ते आम्हाला अजून ऐकू येते. पुढे शस्त्रक्रिया झाली, आई काठीवर चालू लागली. परंतु ती रात्र आम्हा दोघा भावांच्या डोक्यातून जाईना.

त्यातून जे निघाले ते या लेखात सांगतो. उसाच्या बातमीपत्रात मोटारीचे काय काम, असे कोणी विचारील. थोडा धीर धरावा, शेवटी तेही काम निघते.

आमच्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, १९७४ साली मुंबईहून एक जुनी फोक्सवॅगन आणली होती. १९६२ चे मॉडेल, घुमटासारखे टप, पुढे पाहावे तर इंजिन नाही, मागे पाहावे तर रेडिएटर नाही. तिला पाहायला शेजारच्या गावांतून लोक आले होते म्हणतात. गावाने तिचे नाव ठेवले ‘कासव’. आण्णा तिच्यातून सोसायटीच्या मीटिंगला जात, कारखान्यावर जात, आणि मुलीच्या सासरी जाताना ती आदल्या दिवशी स्वतः धूत. १९९१ साली क्लच गेला, सामान मिळेना, आणि कासव गोठ्याच्या पडवीत जाऊन बसले. आण्णा २००४ साली गेले. त्यानंतर गाडीवर कडब्याच्या पेंढ्या रचल्या गेल्या. मांजरीने तिच्यात चार बाळंतपणे केली.

आईच्या त्या प्रसंगानंतर धाकटा म्हणाला, “आपण कासव काढू. चिखलात चालंल आसं करू.” थोरला म्हणाला, “डोकं फिरलं का तुझं? जीप घे जुनी.” जुन्या जीपची किंमत विचारून आल्यावर थोरलाही गप्प बसला. धाकट्याची कल्पना वाटते तितकी वेडगळ नव्हती हे आम्हाला पुढे वाचून कळले.

या गाडीचे कूळच मुळी खडबडीत रस्त्याचे. फर्डिनांड पोर्शे या अभियंत्याने जर्मनीत १९३० नंतरच्या दशकात तिचा आराखडा केला. महायुद्धात त्याच सांगाड्यावर क्यूबेलवागन नावाची उघडी लष्करी गाडी बनली. तिला चारही चाकांची ताकद नव्हती, फक्त मागच्या दोन चाकांचीच. पण वजनाने हलकी, पोट सपाट, आणि इंजिन थेट ताकदीच्या चाकांवर बसलेले. त्यामुळे आफ्रिकेच्या वाळवंटात ती चालली आणि रशियाच्या चिखलातही चालली. वाळवंटात रेडिएटरला पाणी कोठून आणावे हा प्रश्नच तिला नव्हता. १९६३ साली ऑस्ट्रेलियाच्या लोकांनी अशीच एक लाल बीटल दक्षिण ध्रुवाच्या बर्फात, त्यांच्या मॉसन ठाण्यावर नेली. तिथे पाणी गोठून रेडिएटर फुटण्याची भीती, इथे पाणीच नाही तर फुटणार काय! पुढे १९६० नंतरच्या दशकाअखेरीस अमेरिकेत हौशी लोकांनी या गाडीचे पुढचे-मागचे पत्रे कापून, मोठे टायर घालून तिला मेक्सिकोतल्या बाहा नावाच्या ओसाड प्रांतात शर्यतीला पळवले. त्या गाड्यांना ‘बाहा बग’ म्हणतात.

आणखी एक गोष्ट आपल्या कामाची. याच पोर्शेने वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनाचा ट्रॅक्टरही आखला होता. आणि वाऱ्यावर थंड होणारे इंजिन आपल्याला नवे का आहे? १९५९ साली फरिदाबादला देशात बनलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला तो आयशर, तोही जर्मन बनावटीचा आणि हवेनेच थंड होणारा. एका सिलिंडरच्या आयशरचा तो ठोका ज्यांनी ऐकला आहे त्यांना कासवाचे इंजिन पाच मिनिटांत समजेल. आम्हालाही ते समजावले एका म्हाताऱ्या मिस्त्रीनेच, ज्यांचा सारा जन्म आयशर खोलण्यात गेला. पण ते पुढे.

तर काम काढले. पेंढ्या उतरवल्या, मांजरीची समजूत घातली, गाडी ओढून बाहेर आणली. तळाचा पत्रा बॅटरीखाली सडला होता. या गाडीची बॅटरी मागच्या सीटखाली असते, तिचे आम्ल सांडून तिथलाच पत्रा नेहमी जातो. तो तेवढा कापून नवा जोडला. इंजिन मात्र चार बोल्टांवर आहे. चार नट काढले, तारा आणि पेट्रोलची नळी सोडली, खाली जॅक लावला की इंजिन मागे सरकवून हातात येते. आमच्या घरातल्या तिघांनी अर्ध्या दिवसात उतरवले. ट्रॅक्टरचे इंजिन असे उतरवून दाखवा म्हणावे!

इंजिन ११९२ सीसीचे, चार सिलिंडर समोरासमोर आडवे निजलेले, ताकद ३४ घोड्यांची. एवढ्या ताकदीत काय होणार असे आम्हालाही वाटले. पण सगळी गाडी साधारण साडेसातशे किलोची आहे, आणि चिखलात ताकदीपेक्षा वजन आडवे येते. पिस्टन, लायनर, क्लच हे सर्व मुंबईच्या एका जुन्या गाड्यांच्या सामानवाल्याकडून मागवले. ही गाडी मेक्सिकोत २००३ सालापर्यंत बनत होती, म्हणून सामान अजून मिळते. नाहीतर साठ वर्षांच्या गाडीला कोण विचारतो.

आता पहिली फजिती सांगतो. गाडी जुळवायला आम्ही एका वर्कशॉपमध्ये दिली. तिथल्या कारागिराने इंजिनाभोवतीचे काळे पत्रे पाहिले आणि म्हणाला, “हे कशाला? उघडं ठेवू, जास्त वारा लागंल.” आम्हालाही ते पटले, कारण ऐकायला ते अगदी बरोबर वाटते. पत्रे काढून टाकले. गाडी सुरू झाली, वस्तीवर आली, सगळ्यांनी नारळ फोडला, आणि तिसऱ्या दिवशी शेतात फिरवताना इंजिन एवढे तापले की बंद केल्यावरही धडधडत राहिले. नवे पिस्टन चिकटायचे थोडक्यात वाचले.

तेव्हा ते आयशरवाले मिस्त्री आले. गाडीभोवती एक फेरी मारली, आत वाकून पाहिले आणि म्हणाले, “हिची कापडं कोणी काढली?” मग समजावले ते असे. यात एक मोठा पंखा आहे. तो वरून थंड हवा ओढतो आणि पत्र्यांच्या आवरणातून सिलिंडरच्या पात्यांमधून जोराने खाली ढकलतो. खाली गरम हवा बाहेर पडते. पत्रे म्हणजे चारीचे काठ. काठ फोडले तर पाणी शिवारभर पसरते, सरीत जात नाही. तसेच पत्रे काढले की पंख्याची हवा इकडेतिकडे पसरते आणि सिलिंडरच्या मुळाशी पोचत नाही. उलट खालून वर येणारी गरम हवाच पंखा पुन्हा ओढून घेतो. हे ऐकल्यावर आम्ही भंगारात निघालेले पत्रे धावत जाऊन परत आणले. त्यातले दोन सापडले नाहीत, ते मिस्त्रींनी कागदाचे माप काढून नवे कापून दिले.

त्यांनीच सांगितलेली दुसरी गोष्ट म्हणजे पट्टा. या गाडीत एकच पट्टा डायनॅमोही फिरवतो आणि पंखाही. पट्टा तुटला की समोर चार्जिंगचा तांबडा दिवा लागतो. दुसऱ्या गाडीत तांबडा दिवा लागला तर घरी जाऊन बॅटरी बघू म्हणता येते. इथे दिवा लागला म्हणजे पंखाही बंद, तेव्हा जिथे असाल तिथे थांबा. पट्टा सैल पडला तर पुलीच्या दोन ताटल्यांमधल्या चकत्या काढून घट्ट करतात. जादा चकत्या त्याच पुलीच्या बाहेरच्या बाजूला ठेवायच्या, हरवत नाहीत. असली साधी अक्कल आजच्या गाड्यांत का नाही हे आम्हाला कळत नाही.

आता चिखलाची गोष्ट. इथे आम्हा भावांत खरे भांडण झाले.

धाकट्याने बाहा बगचे फोटो पाहिले होते. त्याचे म्हणणे, पुढचे-मागचे पत्रे कापून टाकू. थोरल्याचे म्हणणे, आण्णांनी ज्या गाडीवर माशी बसू दिली नाही तिला तू कटर लावणार? आठ दिवस दोघे एका ताटात जेवले नाहीत. आईने एकदाच विचारले, “कापल्याबिगर होत न्हाई का?” आणि मग आम्ही त्या दिशेने विचार करू लागलो. बघितले तर या गाडीची चारही मडगार्डे बोल्टांवर आहेत! वेल्डिंग नाही. काढली, धुतली, ग्रीस लावून पोत्यात गुंडाळली आणि माळ्यावर ठेवली. त्यांच्या जागी साध्या पत्र्याची, वर उचललेली, चाकापासून चांगली चार बोटे लांब मडगार्डे बसवली. असे का, ते काळ्या रानात गाडी चालवणाऱ्याला लगेच कळेल. आपला चिखल टायरला चिकटतो, टायरचा चिखल मडगार्डात साठतो, आणि तो इतका दाबून बसतो की चाकच फिरत नाही. मूळ मडगार्ड गोल आणि जवळ, त्यात पन्नास पावलांत चाक गच्च होत असे. बैलगाडीच्या दांडीने चिखल काढत बसावे लागे.

गाडीला उंची देण्याचे काम मात्र आम्हाला फार आवडले. मागच्या चाकांना पाट्यांची स्प्रिंग नाही, एक पोलादी दांडी आहे जी पिळली जाते. तिच्या आतल्या टोकाला ४० दात आहेत आणि बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दात सरकवला तर ९ अंशांचा फरक पडतो, बाहेरचा एक सरकवला तर ८ अंशांहून थोडा जास्त. आत एक दात पुढे आणि बाहेर एक दात मागे केला तर फरक एका अंशापेक्षाही कमी, म्हणजे पाहिजे तितकी बारीक उंची लावता येते. ज्याने हे योजले तो माणूस हुशारच म्हणावा. आम्ही फक्त बाहेरचा एक दात सरकवला, मागची बाजू सुमारे दोन इंच उचलली गेली. जास्त उचलू नये. या जुन्या मॉडेलची मागची चाके अर्ध्या दांडीसकट झुलतात. फार उचलले की चाकांचे खालचे भाग आत येतात आणि वळणावर जोरात गेल्यास गाडी उलटू शकते. आम्ही तिला पंधरा-वीसच्या वर चालवतच नाही. पुढची बाजू उचलायची तर मुख्य बीम कापावा लागतो, म्हणून पुढे काही केले नाही. पुढे तसेही वजन कमीच आहे.

टायरसाठी मागे बोलेरोचे १५ इंची टायर घेतले आणि त्यासाठी दुसऱ्या जुन्या रिमा रुंद करून घेतल्या. मूळ रिमा माळ्यावर, मडगार्डांशेजारी. चिखलात उतरण्यापूर्वी हवा बरीच कमी करतो. टायर पसरतो आणि दबकत चालतो. काही जण सांगतात की बारीक टायर चिखल कापून खालच्या टणक थरावर जातो. मुरमाड भागात खरे असेल. आमच्या रानात खालचा टणक थर कुठे आहे ते विहीर खोदणाऱ्यालाच ठाऊक.

आणि दोन ब्रेक! ट्रॅक्टरला डावा-उजवा ब्रेक वेगळा का असतो हे आपण सगळे जाणतो. एक चाक चिखलात गरगर फिरायला लागले की डिफरन्शियल सगळी ताकद त्याच चाकाला देतो आणि दुसरे कोरड्यावरचे चाक गप्प उभे राहते. गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावला की ताकद दुसऱ्याला जाते. कासवाचा हँडब्रेक उघडून पाहिला तर दोन मागच्या चाकांना दोन वेगळ्या केबली! धाकट्याने एका दांडीच्या दोन दांड्या केल्या. दोन्ही एकत्र ओढल्या की नेहमीचा हँडब्रेक, एक ओढली की ट्रॅक्टर. या एका गोष्टीने गाडी जितकी पुढे गेली तितकी टायरांनीही गेली नसेल.

चुका याही कामात झाल्याच. इंजिनाला खालून दगड लागू नये म्हणून आम्ही जाड पत्र्याचे ताट बसवले. लगेच गाडी पुन्हा तापू लागली, कारण गरम हवा खालूनच बाहेर पडते आणि आम्ही तिचे दार बंद केले होते. ते काढून पाइपांची मोकळी जाळी केली. दुसरे, उसाच्या फडातून जाताना वरच्या फटीतून पाचटाचे तुकडे आत जातात आणि पंख्यातून थेट सिलिंडरच्या पात्यांवर बसतात. बारीक तारेची जाळी लावली, ती दर फेरीला हाताने झाडतो. ऑइल बाथचा एअर क्लीनर आहे, तोडणीच्या दिवसांत त्यातले तेल आठवड्याला बघतो. इंजिनात तेल अडीच लिटर, आणि फिल्टर नाही, नुसती जाळी. तेव्हा तेलाची कंजुसी करू नये.

आता आपल्या कारखान्याशी संबंध येतो तो इथे.

आपण जो ऊस घालतो त्याच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल होते हे सभासदांना माहीतच आहे. २००३ साली काही राज्यांत ५ टक्क्यांपासून पेट्रोलमध्ये ते मिसळायला सुरुवात झाली, २०२२ मध्ये देशात १० टक्के झाले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा पल्ला गाठला. आमच्या उसाचे बिल वेळेवर निघण्यात त्याचा वाटा आहे, तेव्हा त्याला नावे ठेवण्याचा आमचा अधिकार नाही. पण आण्णांच्या गाडीला हे ठाऊक नव्हते. तिच्या नळ्या जुन्या रबराच्या, वरून सुताच्या विणीच्या. इथेनॉल जुने रबर मऊ करते, फुगवते. त्या उन्हाळ्यात गाडी महिनाभर उभी होती. सुरू केली आणि कार्बोरेटरजवळची नळी फाटून पेट्रोल गरम इंजिनावर सांडले. भडका उडाला.

धाकटा पाण्याची बादली घेऊन धावला. थोरल्याने त्याला मागून धरले आणि कोरडी माती फेकायला लावली. हे त्याला कसे सुचले? दोनच दिवसांपूर्वी त्याने वाचले होते की या इंजिनाचा मुख्य सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. मॅग्नेशियम एकदा पेटले आणि त्यावर पाणी पडले तर आग विझत नाही, उसळते. खताचे रिकामे पोते, घमेल्याने माती, आणि देवाची कृपा. एक बाजूची वायर आणि रंग जळाला, बाकी वाचले. तेव्हापासून गाडीत कोरड्या वाळूची पिशवी आणि पावडरचे विझवण्याचे नळकांडे कायम असते. ज्यांच्या घरी जुनी मोटारसायकल, जुनी जीप किंवा पेट्रोलवरचा जुना पंप असेल त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा आणि उद्याच नळ्या बघाव्यात. इथेनॉल चालणाऱ्या नळ्या बाजारात मिळतात, महाग नाहीत. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी, कारण इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि टाकी आतून गंजते.

इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी, आणि ते जळायला हवा कमी लागते. म्हणून जुन्या कार्बोरेटरला मिश्रण पातळ पडते, आणि पातळ मिश्रण म्हणजे जास्त गरमी. वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनाला हे सोसत नाही. मेन जेट एका नंबराने मोठा घातल्यावर गाडी शांत झाली. ॲव्हरेज थोडे पडले. पडू दे, आमचाच ऊस जळतो.

कायद्याची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर कोणी आमचे पाहून गाडी कापायला बसेल. गाडी मूळ बनावटीपेक्षा बदलता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर दिला आहे. १५ वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांचे ५,००० झाले, परदेशी मोटारीला तर त्याहून कितीतरी अधिक. दुसरीकडे २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरील गाड्यांना ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंद दिली, पण गाडी मूळ रूपात असावी लागते. म्हणून आमचे कासव डांबरीवर चाक ठेवत नाही. वस्तीपासून डांबरीच्या कडेपर्यंत, भाऊबंदांच्या संमतीने, त्यांच्या बांधावरून, एवढीच तिची हद्द. आणि जे काही बदलले ते सगळे उलट फिरवता येते. मडगार्डे, रिमा, हँडब्रेकची मूळ दांडी, सारे माळ्यावर आहे. उद्या कोणी नातवाने तिला पुन्हा आण्णांची गाडी करायचे ठरवले तर एका आठवड्याचे काम.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची गोष्ट सर्वांनी ऐकली असेल. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव ते. लोहारांनी भंगारातून, दुचाकीची किक लावून छोटी जीप बनवली, साठ हजारांच्या आसपास खर्चात. आनंद महिंद्र यांनी डिसेंबर २०२१ मध्ये ती पाहून, ही रस्त्याच्या नियमांत बसणार नाही हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहारांच्या घरी बोलेरो आली. आमच्या कासवाकडे कोणी असे पाहणार नाही, आणि बदल्यात आम्ही देणारही नाही. आमचा खर्च रुपयांत सांगत नाही. उसात सांगायचे तर एका एकराचे पहिले बिल त्यात गेले. घरातल्या बायकांनी त्यावर जे ऐकवायचे ते ऐकवून झाले आहे.

२०२४ च्या सप्टेंबरात पहाटे तीन वाजता शेजारच्या वस्तीवरून हाक आली. त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या, पहिलटकरीण. आदल्या दोन दिवसांत पावसाने उसंत दिली नव्हती. १०८ ला फोन केला, ती डांबरीला येते म्हणाली. आम्ही टायरची हवा कमी केली, मागच्या सीटवर गाद्या टाकल्या, ती आणि तिची सासू मागे बसल्या. धाकटा चालवायला, थोरला बॅटरी घेऊन पुढे पायी.

ओढ्याच्या उतारावर पाणी गुडघ्याला होते. पलीकडच्या चढावर उजवे चाक गरगरायला लागले आणि गाडी आडवी सरकली. सासूबाईंनी साईबाबांचे नाव घेतले. धाकट्याने उजवी दांडी ओढली, गाडीने नाक वर केले, दोन हात मागे आली आणि मग रांगत रांगत चढली. चिखल वरच्या मडगार्डातून आमच्या अंगावर, पण चाक अडले नाही. तांबडा दिवा लागला नाही, थोरला सारखा तोच बघत होता. दोन किलोमीटरला पंचवीस मिनिटे लागली. डांबरीच्या कडेला १०८ चे दिवे दिसले तेव्हा ती मुलगी म्हणाली, “हळू चालवली भाऊ, दणका न्हाई बसला.” मुलगी झाली, दोघी सुखरूप. बारशाला आम्हाला बोलावले होते.

घरी येऊन आईला सांगितले. तिने काठी टेकत बाहेर येऊन गाडीच्या टपावर हात ठेवला, चिखल पुसला आणि म्हणाली, “धुऊन ठेवा आधी. त्यांना घाण चालत नव्हती.”

रस्त्याचे पाहिले तर मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेत आमच्या वाटेचा अर्ज दिलेला आहे. वाट झाली तर कासव पुन्हा पडवीत जाईल आणि मडगार्डे माळ्यावरून खाली येतील. तोवर एक अडचण आहे. गाडीची वीज अजून ६ व्होल्टची आहे. जुन्या बुलेटच्या बल्बांवर आणि कॉइलवर भागवले, पण वायपरची मोटर काही मिळत नाही, पावसात थोरल्याला काच हाताने पुसत चालावे लागते. कोणा सभासदाच्या पडवीत, अडगळीत अशा जुन्या गाडीची ६ व्होल्टची वायपर मोटर पडलेली असेल तर कारखान्याच्या शेतकी विभागात निरोप ठेवावा. चालू नसली तरी चालेल, मिस्त्री म्हणतात ते गुंडाळून देतील.